शैलाबाईंची पहिली ओळ

शैलाबाईंनी आयुष्यात एकही गाणं स्वतः सुरू केलं नव्हतं. तासगाव, विटा, आटपाडी, त्या भागातल्या एकाही गावचा पार त्यांनी सोडला नसेल. पण पहिली ओळ कधीच त्यांची नव्हती. पहिली ओळ शाहीर वासुदेवआण्णांची. आण्णांनी डफावर थाप मारायची, ओळ फेकायची, आणि तिचं शेवटचं अक्षर खाली पडायच्या आत शैलाबाईंनी ते वरच्या वर झेलून "जी जी रं जी" करत पुढं न्यायचं. याला झील धरणं म्हणतात. शाहिराला दम खायला मिळतो तो या झिलेमुळं. आता पोवाडा ऐकून घरी गेलेल्या माणसाला झील धरणारी बाई आठवत नाही, ही गोष्ट वेगळी. १९८९ साली आण्णांच्या शाहिरी पार्टीची एकुलती एक कॅसेट निघाली, तिच्या कव्हरवर आण्णांचा फेट्यातला फोटो आणि खाली छापलेलं, "शाहीर वासुदेव आणि साथीदार". त्या साथीदारांत शैलाबाई कुठंतरी होत्या.

साक्षरता, गोबरगॅस, लसीकरण, सरकार सांगेल तो विषय आण्णा पोवाड्यात बसवायचे. पुढं घरोघर टीव्ही आले, सरकारलाही शाहिरांची गरज उरली नाही आणि पार्टी मोडली. आण्णा गावी पेन्शन खात बसले. शैलाबाईंनी तुणतुणं माळ्यावर टाकलं आणि वीस वर्षं त्याचं नाव काढलं नाही.

२०२०च्या मार्चमध्ये त्या लेकीच्या बाळंतपणासाठी नेदरलँड्सला आल्या. नीलांबरी आइंडहोव्हनजवळ फेल्डहोव्हनला राहायची, चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर होती. शैलाबाई आल्या आणि दहा दिवसांत विमानं बंद झाली. मग काय, बाळाला तेल लावणं आणि खिडकीत बसणं. समोरच्या घरांना पडदे नाहीत, आतली माणसं, त्यांची जेवणाची ताटं, सगळं रस्त्यावरून दिसतं, आणि तरी कुणी कुणाशी बोलत नाही, याचं त्यांना फार नवल वाटायचं. "गावात एवढं दिसलं असतं तर चार भांडणं झाली असती," त्या म्हणायच्या.

तिथल्या मराठी मंडळींचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम त्या वर्षी व्हिडिओ कॉलवर झाला. नीलांबरीनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला, आईला समोर बसवलं आणि ती बाळाला निजवायला वर गेली. माइक बंद करायचा राहून गेला. कार्यक्रमात यशोधन नावाचा बत्तीस-तेहतीस वर्षांचा मुलगा आला. दिवसा नीलांबरीच्याच कंपनीत, पण पुण्यात असताना रॉक बँडमध्ये होता आणि इथंही घरामागच्या शेडमध्ये लोकांची गाणी रेकॉर्ड करून द्यायचा. इलेक्ट्रिक गिटार घेऊन त्यानं पोवाड्याच्या चालीवर स्वतःचं काहीतरी सुरू केलं. शैलाबाई लसूण सोलत होत्या. पहिली ओळ संपली आणि त्यांच्या तोंडून, त्यांना न विचारता, झील गेली.

साठ घरांच्या पडद्यांवर एकदम शैलाबाई. हातात लसूण, डोळे मिटलेले, आणि आवाज असा की लॅपटॉपचे स्पीकर फाटायला आले. "अहो, प्लीज म्यूट करा ना कुणीतरी!" सूत्रसंचालक ओरडले. यशोधननं गिटार थांबवली.

"म्यूट नका करू," तो म्हणाला. "कोण आहेत त्या?"

नीलांबरी धावत खाली आली आणि शरमेनं लालेलाल झाली. शैलाबाईंना मात्र काय चुकलं तेच कळेना. ओळ संपली होती, कुणीतरी धरायला नको होती का?

दुसऱ्या दिवशी यशोधन सायकलवरून आला आणि फाटकाबाहेर दीड मीटरवर उभा राहिला. "काकू, आपण अल्बम करू या. तुम्ही आणि माझी गिटार."

"मी गानारी न्हाई बाबा. झील धरनारी."

"तेच ते हो."

तेच ते नव्हतं, पण त्याला ते शेडमध्ये गेल्यावर कळलं. शेडमध्ये सायकली, त्यांच्यामध्ये माइक, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. शैलाबाई आत एकट्या, आणि अंतर पाळायचं म्हणून यशोधन बाहेर बागेत छत्रीखाली, गिटार आणि लॅपटॉप घेऊन. त्यानं सुरावट वाजवली. आतून काहीच नाही. पुन्हा वाजवली. चौथ्या वेळी त्यानं वायरी तपासल्या.

"काकू, माइक चालूय. गा ना."

"कोन सुरू करनार?"

"तुम्ही!"

शैलाबाईंनी हेडफोन काढून सायकलीच्या सीटवर ठेवला आणि घरी गेल्या.

याला कारण होतं, ते त्यांनी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. १९८३ साली एका जत्रेत आण्णांना ताप भरला होता. वेळ झाली, लोक टाळ्या पिटू लागले, म्हणून आण्णांनीच शैलाबाईंना पुढं ढकललं. त्यांनी अर्धी ओळ म्हटली असेल, तोच मागून आवाज आला, "शाहीर कुठाय?" मग हशा, मग शिट्ट्या. अर्धी ओळ तोंडात धरूनच त्या स्टेजवरून उतरल्या. आण्णा तसेच तापात उठून स्टेजवर उभे राहिले आणि त्यांनी तीन तास कार्यक्रम रेटला. त्या रात्रीबद्दल पुढं दोघांपैकी कुणीही चकार शब्द काढला नाही. पण शैलाबाईंच्या मनात हिशेब पक्का झाला, की आपल्या तोंडची पहिली ओळ लोकांना नको असते.

यशोधन चिवट पोरगा. मधला मार्ग त्यालाच सुचला: ते शाहीर अजून असतील तर त्यांनी सुरू करावं. शैलाबाईंनी भीतभीत फोन लावला. वीस वर्षांनी. पलीकडून आण्णा म्हणाले, "जिवंत हायस व्हय गं?" आणि दोघंही इतकं हसले की नीलांबरी बघत राहिली.

आधी व्हिडिओ कॉलवर समोरासमोर गाऊन पाहिलं. ते साफ फसलं. फोनवर आवाज पोचायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, आणि झिलेत तेवढ्या वेळात सगळा खेळ खलास होतो. "ही झील न्हाई, मागं राहिलेलं वासरू हाय," आण्णा वैतागले. मग ठरलं की आण्णांनी गावाकडे डफावर गाऊन आवाज फोनवर पाठवायचा, यशोधननं त्याला गिटार आणि ड्रम जोडायचे, आणि शैलाबाईंनी शेडमध्ये झील धरायची.

हे मात्र जमलं, आणि जमलं म्हणजे कसं! आण्णांची ओळ कानात पडली की त्या सदुसष्ट वर्षांच्या बाईचा आवाज शेडच्या पत्र्याला जाऊन भिडायचा. यशोधननं ताल पक्का राहावा म्हणून कानात टिकटिक लावून दिली होती, ती त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावली. "आण्णा कुठं दम घेतो ते मला ठावं हाय. तुज्या घड्याळाला ठावं हाय का?" त्यानं नंतर लॅपटॉपवर मोजून पाहिलं. आण्णा कुठं घाई करायचे, कुठं रेंगाळायचे, आणि बाई प्रत्येक ठिकाणी बरोब्बर त्यांच्यासोबत. तेही ते रेकॉर्डिंग पहिल्यांदाच ऐकताना. "काकू, हे कसं करता?" त्यानं विचारलं. त्यांना प्रश्नच समजला नाही. गिटार ऐकून आण्णांचा निरोप आला, "पोरगं झ्याक वाजवतंय, पण त्याच्या तुणतुण्याला शॉक बसलाय का?" तो निरोप यशोधननं मोबाईलमध्ये जपून ठेवला.

जुलै संपेपर्यंत सात गाणी झाली. एकच राहिलं, पार्टी ज्यानं कार्यक्रम संपवायची ते. पुराच्या पाण्यातून डोक्यावर लशीची पेटी घेऊन पैलतीराला गेलेल्या नर्सबाईचा पोवाडा. त्याची ओळ येणार होती, ती आलीच नाही. आण्णांना कोरोना झाला होता. सांगलीला हॉस्पिटलमध्ये, ऑक्सिजनवर. तीन आठवडे शैलाबाईंनी शेडकडे पाऊल टाकलं नाही. रोज सकाळी आण्णांच्या सुनेला फोन करायच्या, "हाय न्हवं?" एवढंच विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या.

आण्णा वाचले. पण घरी आले ते आवाज तिथंच ठेवून. चार शब्द बोलले की धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, गाणं विसरा.

इकडे व्हिसाची वाढवून घेतलेली मुदतही संपत आली. पाच सप्टेंबरचं विमान ठरलं. यशोधनकडे तोड होतीच. "त्या जुन्या कॅसेटवर हे गाणं आहे ना? आण्णांचा आवाज मी कॉम्प्युटरवर सोडवून घेतो. कळणारही नाही कुणाला." शैलाबाईंचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी फोनवर त्यांनी ही युक्ती आण्णांना सांगितली.

आण्णांनी आधी धाप आवरली. मग म्हणाले, "जुना मी नको. ओळ तू उचल."

"आण्णा, मला न्हाई जमायचं. तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय." पुन्हा श्वास. "तवा मीच तुला ढकललं, आन् मागं उभा न्हाई राहिलो. देवळाच्या पडवीत जाऊन निजलो. झील धरायला पायजे हुती मी." एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली आणि सुनेनं फोन काढून घेतला.

सदतीस वर्षांत हे वाक्य आलं नव्हतं. शैलाबाई फोन मांडीवर घेऊन बसून राहिल्या आणि रडल्या. रडताना त्यांना आण्णांचा रागही आला, इतकी वर्षं हा माणूस हे पोटात ठेवून बसला म्हणून. बाळ जागं झाल्यावर उठल्या.

तीन सप्टेंबरला दुपारी त्या शेडमध्ये शिरल्या. आण्णांना ऐकायचं होतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावून फोन सायकलीच्या कॅरिअरवर उभा केला. पडद्यावर आण्णा उशीला टेकून बसलेले, गाल आत गेलेले, फेट्याविना डोकं इवलंसं. यशोधन बाहेर छत्रीखाली. ठरलं असं होतं की झिलेची जागा मोकळी सोडायची, तिथं गिटार वाजेल.

गिटार सुरू झाली. शैलाबाई माइकजवळ सरकल्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत, फोनकडे पाहिलं आणि ओळ उचलली.

"नदीला आला पूर, पैलतीर दूर,
डोईवर घेऊन लशीची पेटी
बाई निघाली पाण्यातून, दादा, निघाली पाण्यातून..."

ओळ पूर्ण झाली. कुणी शिट्टी मारली नाही. झिलेच्या जागी गिटार आली, आणि गिटारीच्या अंगावर, पाऊण सेकंद उशिरा, फोनमधून एक फाटका, घरघरणारा आवाज आला, "जी... जी रं... जी."

आण्णा झील धरत होते. उभ्या जन्मात न धरलेली, तीही चुकीच्या जागी. गिटारीत अडखळून ती पडली. पडद्यावर आण्णांचा चेहरा खजील झालेला दिसला.

दुसऱ्या कडव्याला शैलाबाईंनी उघड्या दारातून दिसेल असा हात वर करून यशोधनला थांबवलं. त्यानं तारांवरून बोटं उचलली. त्या एकट्याच गाऊ लागल्या, आणि ओळीच्या शेवटी आल्या तेव्हा त्यांनी शेवटचं अक्षर खाली ठेवलंच नाही. धरून ठेवलं, जरा लांबवलं, सदुसष्ट वर्षांच्या छातीत होता नव्हता तेवढा दम लावून, आण्णांचा आवाज गावाहून फेल्डहोव्हनला येऊन पोचेपर्यंत. तो पोचला, बरोब्बर त्यांच्या स्वरावर येऊन टेकला, आणि मगच त्यांनी श्वास घेतला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचा दम ओळखला होता. आता पाऊण सेकंदाची काय कथा! तिसऱ्या कडव्याला, चौथ्या कडव्याला, प्रत्येक वेळी तसंच. बाहेर यशोधन गिटार मांडीवर आडवी टाकून, तोंडावरच्या मास्कवर हात दाबून बसला होता. पुढं त्यानं त्या गाण्यात काहीही मिसळलं नाही. गिटारीनं सुरू होणारं आणि गिटारीशिवाय संपणारं ते गाणं अल्बममध्ये तसंच आहे, सायकलीची घंटा मध्येच एकदा वाजते त्यासकट.

गाणं संपल्यावर आण्णांना धाप लागली होती. ती बसेपर्यंत सून त्यांची पाठ चोळत होती.

"उशीर झाला काय गं मला?" त्यांनी विचारलं.

"झाला की," शैलाबाई म्हणाल्या. "मी थांबले हुते."

"पोरगं हाय का तिथं? लिहून घे म्हनावं. कव्हरवर काय छापायचं ते."

यशोधन पळत शेडच्या दाराशी आला. आण्णांनी दम घेतला, मोठ्या कार्यक्रमात नाव पुकारायच्या आधी घ्यायचे तसा, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं,

"शैलाबाई आणि साथीदार."