ठाकुर्लीचा इटालियन

आमच्या साडूंइतका स्वतःच्या हातांचा अपमान करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. जेवण आणि दाढी सोडली, तर निसर्गाने हात आपल्याला केवळ तोल सांभाळायला दिलेत, अशी त्यांची पक्की समजूत आहे. फ्रीजचं दार ते टाचेने लावतात, टेबलफॅनचं बटण पायाच्या अंगठ्याने फिरवतात, आणि खाली पडलेला पेपर पायाच्या बोटांत धरून असा अलगद वर आणतात की आपल्याला आपल्या पायांची लाज वाटावी. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, बाजारातून आली आणि पिशवीतून कांदा निसटला, की तो फरशीला लागायच्या आत भाऊंच्या, म्हणजे आमच्या साडूंच्या, पावलावर असतो. पावलावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून टोपलीत. "पायाने खेळवलेल्या कांद्याची भाजी मी पाहुण्यांना वाढते," ताई एकदा माझ्या कानाशी म्हणाली, "घरी बोलू नका." तोवर मी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती.

माणसं ओळखायची त्यांची पद्धतही निराळी. कुणी भेटलं की आपण नाव, गाव, नोकरी विचारतो. भाऊ नुसतं बघतात आणि त्याला मैदानावर जागा देऊन टाकतात. ताई सेंटर हाफ, कारण सगळं तिच्याकडूनच जातं. सोसायटीचे सेक्रेटरी कायमचे ऑफसाइड. मला त्यांनी माझ्या लग्नातच राखीव गोलकीपर ठरवलं.

"म्हणजे काय, भाऊ?"

"म्हणजे मॅच फुकट बघायला मिळते, आणि हरलो तर तुमचं नाव कुणी घेत नाही."

बँकेतल्या माझ्या उभ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन निरोप समारंभात आमच्या साहेबांनाही जमलं नाही.

तर हे भाऊ कल्याणजवळच्या मोहन्याचे. वडील तिथल्या कारखान्यात होते, भाऊही तिथेच लागले आणि कारखान्याच्या फुटबॉल टीमकडून डाव्या बगलेवर खेळू लागले. नवीन मशीन बसवायला एक बेल्जियन इंजिनियर आला होता. त्याला संध्याकाळी वेळ कसा घालवावा ते कळेना, म्हणून तो मैदानाच्या कडेला येऊन बसायचा. मशीन बसवून झालं आणि जाताना तो भाऊंना घेऊन गेला. बेल्जियममधल्या एका कोळशाच्या खाणींच्या गावात त्याचा मेहुणा क्लब चालवत होता. दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब, पण मैदानाला गॅलरी होती आणि गॅलरीत माणसं असायची. त्या क्लबकडून खेळलेला पहिला आशियाई माणूस आमच्या मोहन्याचा. दोन सीझन डावी बगल भाऊंची होती. मग एका धिप्पाड डिफेंडरने गुडघा फोडला आणि भाऊ परत आले. कारखान्यात पुन्हा लागले, कारखाना बंद पडल्यावर एका खाजगी शाळेत पी.टी. शिकवू लागले. तिथे फुटबॉल एकच होता आणि तो हरवू नये म्हणून कपाटात कुलपात असे.

आपल्याकडे अशा माणसाचं कौतुक होत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. डोंबिवलीत एकदा त्यांचा जाहीर सत्कार झाला होता. "परदेशात जाऊन आपल्या बॅटने मैदान गाजवणारे," असं म्हणून पाहुण्यांनी त्यांच्या हातात शाल, श्रीफळ आणि सगळ्या आयोजकांच्या सह्या असलेली बॅट ठेवली. एवढ्या गोष्टी हातात धरायची सवय नसल्यामुळे नारळ सुटला. भाऊंनी तो मांडीवर झेलला, पावलावर घेतला आणि पाहुण्यांच्या ओंजळीत नेऊन सोडला. टाळ्या कडकडल्या. पाहुणे माइकवर म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात फिल्डिंग!"

भाऊ तेव्हा हसले. पण मानपाड्याच्या टर्फवर जे झालं त्याला ते हसले नाहीत. दिव्यांच्या उजेडात, हिरव्या गालिच्यावर, परदेशी खेळाडूंची नावं पाठीवर घेऊन पोरं खेळत होती. भाऊ जाळीबाहेरून सूचना देत राहिले. शेवटी एक पोरगा वैतागून जवळ आला. "काका, तुम्ही खेळलेले काय कधी?" भाऊ म्हणाले, "खेळलेलो. बेल्जियममध्ये." पोराने मान डोलावली. "भारी! कुठल्या गेममध्ये? मोबाइलवाल्या की कॉम्प्युटरवाल्या?" त्यानंतर भाऊ त्या रस्त्याने जात नाहीत. रिक्षावाल्यालाही दुसरीकडून वळवायला लावतात.

गेल्या वर्षी त्या क्लबने आपल्या जुन्या खेळाडूंविषयी इंटरनेटवर लिहायला घेतलं. आमच्या भाचीने, म्हणजे भाऊंच्या लेकीने, ते शोधून काढलं आणि तिचं डोकंच फिरलं. 'आपला पहिला आशियाई खेळाडू' म्हणून तिथे एका जपानी माणसाचा फोटो होता. तो खेळला भाऊंच्या बऱ्याच नंतर. भाचीने क्लबला गाठलं, भांडून व्हिडिओ कॉलची वेळ घेतली आणि रविवारी दुपारी आम्हा सगळ्यांना ठाकुर्लीला घरी बोलावलं. भाऊंनी ब्लेझर घातला होता. खाली लुंगी होती. ती दिसणार नव्हती.

पलीकडे क्लबची एक तरुण, सभ्य मुलगी होती. तिने एक जुना टीमचा फोटो दाखवला. डाव्या कोपऱ्यात आमचे भाऊ, केसांचा डोंगर आणि बरगड्या घेऊन उभे. "हे माझे बाबा!" भाची ओरडली. मुलगी गोंधळली. म्हणाली, पण हे तर साल्वी. इटालियन. फोटोखाली तसं छापलंय, त्या वेळच्या पेपरांतही तसंच आहे.

मग उलगडा झाला. आमच्या साडूंचं आडनाव साळवी. इंग्रजीत लिहिलं की साल्वी, आणि साल्वी हे इटलीतही आडनाव असतं. तिथल्या खाणी इटलीहून आलेल्या मजुरांवर चालत होत्या. दक्षिणेकडची, उन्हाने रापलेली माणसं. त्यांच्यात भाऊंचा रंग खपून गेला. खरं ठाऊक असलेला इंजिनियर आणि त्याचा मेहुणा केव्हाच गेले, क्लबचे जुने कागद कुठे गेले कुणास ठाऊक.

"बाबा, तुम्ही बोला ना!" भाची म्हणाली. आणि भाऊ बोलले. आधी फ्रेंचमध्ये, मग इटालियनमध्ये, हात हलवत. हो, हातांचा उपयोग करताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मुलगी थक्क होऊन ऐकत होती, आणि भाऊ जितकं अस्खलित बोलत गेले तितका ते भारतीय असल्यावरचा तिचा विश्वास उडत गेला. शेवटी ती म्हणाली, तुमच्या टीमचा कप्तान अजून आहे, म्हातारा झालाय पण डोकं शाबूत आहे. त्याला विचारून आम्ही दुरुस्ती करू.

"नको," भाऊ म्हणाले.

"नको म्हणजे?" भाची उठून उभी राहिली. "बाबा, तुम्ही पहिले होता!"

"त्याला विचारायचं नाही. बंद कर तो फोन."

फोन बंद झाला. भाची रडायलाच लागली. "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं त्यांना? पागल आहात का तुम्ही?"

भाऊ ब्लेझरची बटणं काढत बसले. मग बोलले ते तिच्याशी नाही, माझ्याशी.

"साडू, आपल्याकडे आडनाव ऐकलं की गाव विचारतात. गाव सांगितलं की वाडी विचारतात. वाडी सांगितली की मग काही विचारत नाहीत. बरोबर?"

मी मान हलवली. आमची वाडीही तसलीच. बौद्धवाडी.

"तो कप्तान इटालियन. तिथे पहिल्याच दिवशी त्याने आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. मला वाटलं, आलं इथेही. त्याने आपणच एक नाव घेतलं, त्यांच्याकडच्या कुठल्याशा गावाचं. मी नुसता हसलो. तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईने आपल्याजवळ बसवून, आपल्या ताटातलं उचलून माझ्या ताटात वाढलं. आयुष्यात पहिल्यांदा गाव कळल्यावर कुणी जवळ ओढलं होतं. काय सांगू तिला, बाई, तुझी चूक झालीये?"

भाऊंनी ब्लेझर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"मग रोजच जेवलो तिथे. गुडघा फुटला तेव्हा तिनेच केलं सगळं. आता कप्तानाला विचारणार, तुझ्या आईने जेवू घातलेला तो कोण होता? राहू दे."

भाची दोन महिने त्यांच्याशी धड बोलली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. बापाने एका ताटासाठी स्वतःला पुसून टाकलं, आणि ते ताट इथे कुणी वाढलं नाही म्हणून पुसलं, हे गिळायला तिला जड गेलं. मलाही गेलं.

परवा क्लबने त्या जपानी खेळाडूचा सत्कार केला, तो फोनवर दिसत होता. ताई आणि भाची कल्याणला एका लग्नाला गेल्या होत्या, म्हणून भाऊंनी मला बोलावून घेतलं. जपानी गृहस्थही आता पिकले होते. कुणीतरी विचारलं, सर्वांत कठीण काय गेलं? ते इंग्रजीत सावकाश म्हणाले, थंडी नाही, खेळही नाही. जेवण. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जायचे आणि मला कुणी बोलवायचं नाही. तीन वर्षं मी खोलीत एकटा जेवलो.

भाऊ ऐकत राहिले. फोनचा पडदा काळा झाला तरी बघत राहिले.

"तो जपानी म्हणूनच राहिला, साडू," शेवटी म्हणाले. "पहिला तोच. बरोबर लिहिलंय त्यांनी."

मी निघायला म्हणून उठलो. भाऊ आत गेले. ताईने झाकून ठेवलेलं जेवण त्यांनी बाहेर आणलं आणि दुसरं ताट घेतलं.

"जेवून जा," ते म्हणाले. "आज एकट्याला घास जायचा नाही."