देवळीचे बर्फकाका

वैशाखातली टळटळीत दुपार. देवळीच्या बसस्टँडवरची कुत्रीसुद्धा रसवंतीच्या बाकाखाली जीभ काढून पडलेली. अशा वेळी बर्फकाका आपल्या जीपच्या सावलीत बसून लोखंडी साखळ्यांना तेल चोळत असत. या साखळ्या बर्फात गाडीच्या चाकांना बांधायच्या असतात. आता वर्धा जिल्ह्यात बर्फ मिळायचा तो दोनच ठिकाणी, वर्ध्याच्या बर्फाच्या कारखान्यात आणि गोळेवाल्याच्या हातगाडीवर. या दोहोंपैकी एकावरूनही जीप नेण्याची पाळी कुणावर आल्याचं ऐकिवात नव्हतं. पण काकांना तसं म्हटलं की ते नाराज होत. "मौसम काय तुले विचारून बदलते का बे?" असं म्हणून ते पुन्हा तेलाची बाटली उचलत.

त्यांचं खरं नाव दौलतराव. फौजेत ट्रक चालवायचे, लडाखकडे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पेन्शन घेऊन गावी आले आणि लिलावात निघालेली एक म्हातारी जीप घेऊन देवळी ते वर्धा सवाऱ्या नेऊ लागले. जीपबरोबर त्यांनी साखळ्या आणल्या, एक फावडं आणलं आणि रेतीचं एक पोतं. चाक बर्फावर फिरायला लागलं तर खाली रेती टाकायची, म्हणून ते पोतं. त्यामुळे जीपमध्ये दोन सवाऱ्यांची जागा कमी झाली होती. शेवटी लोक त्या पोत्यावरच बसू लागले. वर्ध्याला उतरल्यावर धोतर झटकणारा माणूस दिसला की तो काकांच्या जीपमधून आला हे कुणीही ओळखावं.

बसलं की व्याख्यान सुरू. "ब्रेक म्हंजे दुश्मन. बर्फावर ब्रेक मारला का गाडी तुही नाई राह्यली, देवाची झाली. गिअर कमी करत याचं. अन पायाखाली अंडं हाय समजून अॅक्सिलेटर दाबाचा." ऐकणाऱ्यांमध्ये गाडी असलेला माणूस एकही नसे. असलीच तर सायकल, नाहीतर बैलगाडी. काकांना त्याचं काही नव्हतं. बाजाराच्या दिवशी ते रेंगीवाल्या, म्हणजे छोट्या बैलगाडीवाल्या शेतकऱ्याला थांबवून सांगत, "समोरच्या गाडीपासून दूर ठेवजो. तो घसरला त तू वाचला पाह्यजे." शेतकरी मान डोलवी आणि बैल पुढच्या रेंगीतला कडबा खात राही.

त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य असं होतं: "जो बर्फ दिसते, तो काहीच नाई. जो दिसत नाई, तोच मानूस मारते." डांबरावर पाण्याचा पातळ थर गोठतो, रस्ता नुसता ओला वाटतो आणि गाडी सरकते, असं त्यांना म्हणायचं असे. पण पानठेल्यावरच्या पोरांनी या वाक्याचं मातेरं केलं. भर उन्हात रस्त्याकडे बोट दाखवून ते विचारत, "काका, इथं त बर्फ बिलकूलच दिसून नाई राह्यला. म्हंजे लय असंन!" मीही त्या पोरांत उभा राहून पोटभर हसलेला आहे. मास्तरकीची नोकरी लागली होती, पण हसण्याचं वय गेलं नव्हतं.

आणि काका हसण्याजोगं करतही होते. एका श्रावणात एका शेतकऱ्याचं खत पोचवायला ते जीप घेऊन शेताकडच्या पांदणीत शिरले. आमची काळी माती भिजली की काय चीज होते ते इथलं शेंबडं पोर जाणतं. काकांनी खाली उतरून मातीवर बूट घासला आणि जाहीर केलं, "ही बर्फाची सख्खी बहीन हाय." झालं. इतक्या वर्षांनी साखळ्या बाहेर निघाल्या. बर्फात साखळी रुतते आणि पकड घेते म्हणतात. काळ्या मातीत ती मातीच धरून ठेवते. चार फेऱ्यांत प्रत्येक चाकाचा चिकट मातीचा गोळा झाला, चाक कुठं आणि मडगार्ड कुठं ते कळेना. बैलांच्या दोन जोड्या लावून जीप ओढली. काका मागून चिखल तुडवत येत होते आणि बैलवाल्याला सूचना देत होते, "झटका नको देऊ, बाप्पा. हळू. अंडं समज, अंडं." त्या दिवसापासून बैलवाल्याच्या एका बैलाचं नाव गावानं 'अंडं' ठेवलं.

त्यांची जीप इतकी हळू जाई की घाई असलेला माणूस सायकलनं निघे. पण एक होतं. त्या जीपमधून कधी कुणी पडलं नाही, कुणाला खरचटलं नाही. हे गुण म्हणून सांगायचं कुणाला सुचत नसे, कारण ते हसण्यासारखं नव्हतं.

माझं लग्न ठरलं आष्टीच्या बाजूला. मुहूर्त फाल्गुनातला, गोरजावरचा. सिंदी रेल्वे या गावचे माझे मामा कापसाची अडत करत. आवाज मोठा, घाई त्याहून मोठी. वऱ्हाड ट्रकनं सकाळीच पुढे गेलं. नवरदेवासाठी मामांनी काकांची जीप सांगितली, कारण ती स्वस्तात पडत होती. मी, मामा आणि घरचे चार-पाच जण असे आम्ही निघालो. तळेगाव मागे पडेपर्यंत मामांनी तीनदा घड्याळ पाहिलं आणि काकांनी एकदाही वेग वाढवला नाही.

तळेगावच्या पुढे आभाळ काळं झालं आणि गारा आल्या. आमच्याकडे फाल्गुनात गारपीट नवी नाही, पण तशी मी पुन्हा पाहिली नाही. आम्ही एका झाडाखाली जीप लावून डोक्यावर सतरंजी धरून बसलो. थांबल्यावर पाहतो तर रस्ता पांढरा. शेतं पांढरी, गहू झोपलेला. पुढे लांब उतार होता, उताराच्या तळाशी वळण आणि वळणावर कठडा नसलेला पूल. त्या सगळ्यावर गारांचा बोटभर थर, आणि खाली त्यांचं वितळून पुन्हा घट्ट होणारं पाणी.

आम्हाला आधी हसूच आलं. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो बर्फ काकांना भेटायला खुद्द वर्धा जिल्ह्यात आला होता! "काका, काढा साखळ्या!" मामा ओरडले. काका खाली उतरले, दहा पावलं पुढे गेले, बुटानं रस्ता घासून पाहिला आणि परत आले. त्यांनी साखळ्या काढल्या नाहीत. चाकांमागे दगड लावले आणि म्हणाले, "उतरा. पायी जाऊ. बसून बी राहू नका, मागून कोनी आलं त आपल्याले घेऊनच खाली जाईन."

मामांचा विश्वास बसेना. "मुहूर्त हाय, काका! तिकडं पोरीचा बाप मांडवात उभा राह्यला असंन. नवरदेव चिखलातून चालत नेऊ का?"

"चालत न्या."

"पंधरा वर्सं आमचे कान खाल्ले तुमी. बर्फावर अशी चालवली, बर्फावर तशी चालवली. आता बर्फ आला त हातपाय गळाले का? का चालवलीच नव्हती कधी?"

कुणी उतरेना. मलाही उतरायचं नव्हतं. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव गुडघाभर ओला होऊन मांडवात पोचला तर सासरी जन्मभर ऐकावं लागेल, ही माझी भीती होती. काकांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "नाई चालवली. मी फौजेत भटारखान्यात होतो. पोळ्या लाटत होतो. झूठ बोलत आलो तुमच्यासंग. मले बर्फावर चालवता येत नाई. उतरा आता."

मामा जे हसले ते गहू झोपलेल्या शेतात पार पलीकडेपर्यंत ऐकू गेलं असावं. हसत हसतच सगळे उतरले. आम्ही रस्त्याच्या कडेच्या गवतातून, एकमेकांचे हात धरून तो उतार उतरलो. मामा दोनदा बसले, ठरवून नव्हे. तसंच पायी पुढे मांडवात पोचलो तेव्हा गोरज टळून गेला होता. पण गारांनी मांडव फाटला होता, चुलाण्यात पाणी शिरलं होतं आणि भटजी एका कोपऱ्यात परात डोक्यावर घेऊन बसले होते. आम्ही उशिरा आलो म्हणून मुलीच्या बापाला उलट बरंच वाटलं. रात्री जेवणाच्या पंगतीत मामांनी 'पोळ्या लाटणारा फौजी' सगळ्या वऱ्हाडाला वाढला.

देवळीत परतेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. बर्फकाकांचे भटारीकाका झाले. पानठेल्यावरची पोरं जीपमध्ये चढताना विचारू लागली, "काका, कणीक मळून झाली का?" काका गिअर टाकून जीप काढत. पण बर्फाविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. रेतीचं पोतं त्यांनी रिकामं केलं आणि जीपमध्ये दोन सवाऱ्या वाढल्या. मला त्याचं वाईट वाटू लागलं. व्याख्यान नसलेली ती जीप नुसतीच हळू होती.

एकदा वर्ध्याला जाताना दोघंच होतो, तेव्हा मी खरं काय ते विचारलं. काका समोर पाहत म्हणाले, "चालवली, मास्तर. पाच हिवाळे चालवली. म्हनून त उतरवलं तुमाले."

"मग तसं सांगायचं होतं! खोटं काऊन बोललात?"

"येते म्हटलं असतं त तुहा मामा म्हनला असता, मंग चालव. ज्याले येते त्याले लोक थांबू देत नाईत. ज्याले येत नाई, त्याच्या गाडीतून उतरतात." मग गिअर कमी करत म्हणाले, "आमच्या पुढच्या गाडीत माहा सोबती होता. त्याले बी लय चांगलं येत होतं. साहेब म्हनला चाल, अन तो चालला."

मी गावात सांगून पाहिलं. कुणी ऐकेना. पोरं म्हणाली, "मास्तर, तुमी भोळे हाय. नवी थाप मारली त्यानं." फुकट मिळालेला विनोद गाव परत करत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळ पुरावा काय होता? त्या उतारावरून जीप नीट गेलीही असती, कोण सांगावं! न झालेल्या अपघाताचा पंचनामा होत नाही. झालेल्या अपघातातून वाचवणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, आणि अपघात होऊच न देणाऱ्याला लोक भित्रा म्हणतात. आमचं गाव यात काही वेगळं नव्हतं.

काका गेले ते ऐन वैशाखात. मुलगी बिलासपूरला दिलेली, ती येईपर्यंत देह ठेवायचा होता. वर्ध्याहून बर्फाच्या लाद्या आणून अंगणात त्यांवर त्यांना निजवलं. उन्हात लाद्या भराभर वितळत होत्या, अंगणभर पाणी झालं होतं. माझे मामा सिंदीहून आले होते. लोक चूप बसलेले पाहून त्यांना राहवलं नाही. कुजबुजल्यासारखं करून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या. शेवटी चढले एकदाचे बर्फावर." आणि माणसं हसली. मयताच्या घरी दाबून हसतात तसं, खांदे हलवून. काकू आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांनी ऐकलं होतं.

तेव्हा बायांमधून माझी बायको उठली. मामेसासऱ्यासमोर तिनं आजवर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता. त्याही दिवशी तो डोक्यावरच होता. पण आवाज अंगणभर गेला.

"हासा, मामाजी. खूप हासा. माहा नवरा माह्या मांडवात आपल्या पायानं चालत आला, तो या मानसानं आनला. तुमी त त्याले त्या पुलावर पाठवून राह्यले होते."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पायाकडची लादी विरघळून संपत आली, तेव्हा पोरं उठण्याआधी ते उठले, चपला बाजूला काढल्या आणि दारात पोत्यानं झाकून ठेवलेली नवी लादी उचलली. ती त्यांना पेलत नव्हती. दोघं धावले, पण त्यांनी मानेनंच नको म्हटलं, आणि त्या ओल्या अंगणातून, एकेक पाऊल चाचपून टाकत, ती लादी त्यांनी काकांच्या पायांशी आणून हळूच ठेवली.