सहज केलेला फोन

कॅलिफोर्नियातल्या ऑइलडेल गावात डेल्मर प्रुइटला कोण ओळखत नव्हतं? भर रस्त्यात ट्रक थांबवून एखादा विचारायचा, "काय रे, ड्राय फोर्क बँडमधला तूच ना?" डेल्मर मान डोलवायचा आणि पटकन उन्हाबद्दल काहीतरी बोलून सटकायचा. लोक म्हणत, एवढं नाव झालं तरी किती साधा राहिलाय! हा साधेपणा नाही, हे फक्त त्याला माहीत होतं.

बँड जमला अडुसष्ट साली. डेल्मर तेव्हा एकोणीस वर्षांचा. आईबाप ओक्लाहोमातून कापूस वेचायला आलेले. बेस गिटार त्याला जेमतेम यायची, पण गळा असा की वरच्या पट्टीत अलगद चढायचा. पुढे उभं राहून गायचा रॉस केटरिंग, देखणा आणि तोंडाळ. आणि पेडल स्टीलवर हार्लन स्टब्ज, तेहेतीस वर्षांचा, एरवी तेलविहिरींवरचे पंप दुरुस्त करणारा. टेबलासारखं ते वाद्य पुढ्यात घेऊन तो बसायचा, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायचा, पायाने पेडल दाबायचा, आणि सूर असा वाकायचा की नाचणारी जोडपी पावलं विसरायची.

"मिस्टर स्टब्ज, तुम्ही..." डेल्मरने पहिल्या दिवशी सुरुवात केली.

"मिस्टर माझा बाप होता. मला हार्लन म्हण. आणि तुम्ही-बिम्ही नको, म्हातारं झाल्यासारखं वाटतं."

सुरांची सोबत कशी करायची, कुठे गप्प बसायचं, हे सगळं डेल्मर हार्लनकडे शिकला. रविवारी त्याच्याच घरी जेवायचा. हार्लनची बायको वॉनेटा राजम्याची वाटी भरून द्यायची आणि मक्याच्या पावाचा कडेचा, कुरकुरीत तुकडा त्याच्यासाठी राखून ठेवायची.

पहिली रेकॉर्ड दोन दिवसांत झाली. सगळे एका खोलीत, एकदम वाजवणार, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. तीन गळे, एक फिडल आणि सगळ्यांवर तरंगणारं हार्लनचं स्टील. दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी फिडल गेलं, ड्रम पुढे आले. रॉसचे केस खांद्यावर आले. दारूच्या गुत्त्यांऐवजी मोठी सभागृहं मिळू लागली. तिसऱ्या रेकॉर्डसाठी कंपनीने लॉस एंजेलिसचा गिलरॉय नावाचा निर्माता दिला. त्याने जुनी गाणी ऐकली आणि म्हणाला, "स्टील वाजलं की लोकांना आजोबा आठवतात. मला नातवंडं हवीत." स्टीलच्या जागी दोन इलेक्ट्रिक गिटार आल्या.

"हार्लनला तू सांग," रॉस म्हणाला. "तुझं त्याच्याशी जमतं."

"सांगतो," डेल्मर म्हणाला.

बुधवारी त्याने फोन लावला. वॉनेटाने उचलला.

"अरे डेल! तो बसलाय नव्या तारा चढवत. सोमवारी शहरात जायचं म्हणून केससुद्धा कापून आलाय, बघ तरी. बोलावू?"

"नको, नको. सहज केला होता."

सोमवारी सकाळी दहाला, डोंगरापलीकडे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, ध्वनिमुद्रण सुरू झालं. गाणं डेल्मरचं होतं, पण त्याच्या सुरुवातीची सुरावट हार्लनने आपल्या ओसरीवर बसून एका दुपारी बांधली होती. ती आता गिलरॉयचा गिटारवाला वाजवत होता. डेल्मरने मान वर केली तर काचेपलीकडे हार्लन उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात वाद्याची जड पेटी. पेटी खाली न ठेवता त्याने शेवटपर्यंत ऐकलं. रॉस छताकडे बघत राहिला. हार्लन मात्र फक्त डेल्मरकडे बघत होता. डेल्मरने मान खाली घातली आणि सुरात असलेल्या तारा पुन्हा लावायला घेतल्या. वर बघेपर्यंत दार मिटलं होतं.

बाहेरच्या टेबलावरची मुलगी आत आली. "ते गृहस्थ विचारत होते, ट्रक इथेच लावला तर चालेल का. मग म्हणाले, राहू दे."

ते गाणं देशभर वाजलं. रेकॉर्डच्या वेष्टणावर शब्द आणि चाल, दोन्हीपुढे छापलं होतं: केटरिंग आणि प्रुइट. छापण्याआधी नमुना डेल्मरच्या हातात आला होता. त्याने तो पाहिला आणि परत दिला.

पुढे बँडमध्ये कीबोर्ड आले, आवाज अधिकाधिक गुळगुळीत झाला आणि त्र्याऐंशी साली सगळं संपलं. डेल्मर गावी परतला, हार्डवेअरच्या दुकानात लागला. एकदा वाणसामानाच्या दुकानात वॉनेटा समोर आली. "डेल, वजन वाढलंय हं तुझं," एवढंच म्हणाली. भरलेली टोपली तिथेच ठेवून तो बाहेर पडला.

अठ्ठ्याण्णव साली जत्रेत बँडचा सत्कार झाला. भर दुपारी, हजारो लोकांपुढे. ते गाणं सुरू होण्याआधी डेल्मरने माइक ओढला. "ही सुरावट हार्लन स्टब्जची आहे. मी त्याचं नाव लावलं नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतली बाई डोळे पुसत म्हणाली, "काय मोठं मन!" डेल्मरला वाटलं, इथेच धरणी फाटावी.

दुसऱ्या दिवशी तो हार्लनच्या घरी गेला. हार्लन ओसरीवर कूलरच्या जाळ्या धूत होता.

"कळलं मला. टाळ्या पडल्या म्हणे."

"पडल्या."

"कुणाला? मला की तुला?"

"मला," डेल्मर म्हणाला. त्याचा चेहरा पेटला होता.

"मग आता इथे कशाला आलास?"

"तेव्हा बुधवारी तुला सांगायलाच फोन केला होता. तुझी जागा गिटारला दिली होती. मला धीर झाला नाही. आणि चाल तुझी आहे हे म्हणायलाही झाला नाही."

हार्लनने जाळी भिंतीला टेकवली. "चालीचं काही नाही रे. आणखी सुचल्या. पण त्या दिवशी डोंगर उतरून घरी येताना मी मागचा एकेक कार्यक्रम आठवत होतो. कुठे चुकलो आपण? हात थकला का आपला? तेवीस वर्षं हेच. म्हणजे मी वाईट वाजवत नव्हतो?"

"कधीच नाही."

"हे तेव्हा फोनवर सांगायला किती वेळ लागला असता?"

हार्लनने त्याला आत ये म्हटलं नाही. जाळ्या धुवून होईपर्यंत डेल्मर पायरीखाली उन्हात उभा राहिला, मग घरी गेला.

त्याने कंपनीला पत्रं लिहिली. दीड वर्षाने निघालेल्या नव्या आवृत्तीवर हार्लनचं नाव पहिलं आलं. हार्लन दर रविवारी चर्चमध्ये स्टील वाजवतो. डेल्मर मागच्या बाकावर बसतो. एखाद्या रविवारी हार्लन त्याच्याकडे बघून मान हलवतो, एखाद्या रविवारी नाही.