दोन हार आणि एक अध्यक्षपद

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी आमच्या मामेसासऱ्यांइतका पोलीस खात्यात मुरलेला माणूस सापडायचा नाही. निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन ते उंब्रजला राहायला आले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांची भाषा काही निवृत्त झाली नाही. पोहे अळणी झाले तर ते ‘सदर पोह्यांत मीठ आढळून आले नाही’ असं सांगतात, आणि लग्नात जेवायला बसले की पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. एकदा मी न कळवता त्यांच्याकडे गेलो, तर पाणी मिळायच्या आधी कोणत्या गाडीनं आलो, वाटेत कुठे थांबलो, सोबत कोण होतं हे सगळं सांगावं लागलं. मामी आतून म्हणाल्या, “आवं, जावई हायती ते, चोर न्हवं.” त्यावर मामांनी शांतपणे सांगितलं की एक माणूस दोन्ही असू शकतो.

दोन्ही जिल्ह्यांतल्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांची एक संघटना आहे आणि मामा तिचे अध्यक्ष होते. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं, आता पद सोडायचं आणि सांगलीच्या एका साहेबांकडे द्यायचं. हे सांगलीकर लोणंदला नवे फौजदार म्हणून लागले तेव्हा मामांच्या हाताखाली होते. कराडच्या सभेला गाडी मीच चालवत नेली, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. मामा नव्या अध्यक्षांचं नाव जाहीर करायला उठले आणि लोणंदच्या एका जुन्या दरोड्यात शिरले. तपास लागला, दरोडेखोर सापडले, टाळ्या झाल्या, नाव तेवढं राहिलं. कुणीतरी ‘बिनविरोध’ म्हणालं आणि सगळ्यांनी हात वर केले. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. मग मामा हार घेऊन वळले, तर सांगलीकरांनी सवयीनं टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. हात कपाळाशी, त्यामुळे हार कोपरात अडकला. त्यांनी तो सोडवून, साहेबांचा मान म्हणून मामांच्याच गळ्यात घातला. तोवर चिटणीस दुसरा हार घेऊन धावत आले आणि त्यांनी तो सांगलीकरांना घातला. संध्याकाळी संघटनेच्या ग्रुपवर दोघांचंही अभिनंदन झालं.

तेव्हापासून संघटनेला एकाच वेळी दोन अध्यक्ष होते, किंवा एकही नव्हता. सांगलीकर बारीकसारीक गोष्टीला फोन करून ‘साहेब, आपण सांगाल तसं’ म्हणत, मामा ‘अध्यक्ष तुमी, तुमीच ठरवा’ म्हणून फोन ठेवत आणि चहा संपायच्या आत स्वतःच ग्रुपवर बैठक जाहीर करत. बैठकीत मधली खुर्ची रिकामी आणि दोघे तिच्या दोन बाजूंना. शेवटी खरा अध्यक्ष कोण, हे मी मामींनाच विचारलं, तर त्या म्हणाल्या की घरात तरी अध्यक्ष आपणच आहोत, बाहेरचं आपल्याला ठाऊक नाही.

मग म्हसवडचे एक सभासद वारले. मामांचे भरतीपासूनचे सोबती. शोकसभेत संघटनेच्या अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत असं पुकारलं गेलं, तेव्हा दोघेही उठले, एकमेकांकडे पाहून दोघेही बसले. लोकांना काही कळेना. अखेर मामाच पुढे गेले. “मयत हे मनमिळाऊ स्वभावाचे असून...” एवढं म्हणाले आणि थांबले. आम्हाला वाटलं, विसरले. पण शेवटी म्हणाले, “आमचा गडी गेला.”

सांगलीकर उठून त्यांच्याजवळ गेले. पाठीवर हात ठेवून हलकेच म्हणाले, “साहेब, तुम्ही बसा. मी बोलतो.”

मामांना कुणी बसायला सांगितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते निमूट येऊन बसले आणि मान खाली घालून सगळं भाषण ऐकत राहिले. सांगलीकर फार चांगलं बोलले.

परतताना दहिवडी मागे पडल्यावर मामा म्हणाले, “आज झाला बगा त्यो अध्यक्ष. लय ब्येस बोलला.” मी हो म्हणालो. त्यावर त्यांनी विचारलं, “जावईबापू, मग उद्या सकाळी उठून आमी करायचं काय?”

मी वडूजला चहाला थांबायचं का, एवढंच विचारलं.

“थांबूया की,” ते म्हणाले. “आता घाई कुटं हाय.”