मी ‘घ्या’ म्हणालो तो ड्रमसेट

माझ्या बायकोला हे माहीत नाही. आमच्या पार्टीतल्या एकालाही माहीत नाही. सहा वर्षं झाली, तोंडातून शब्द बाहेर पडू दिला नाही — आणि आज तुम्हाला सांगतोय ते मन हलकं करायला, असं समजू नका. राग आलाय म्हणून सांगतोय. परवा एक जण घरी आला. ढोलकी घ्यायचीय म्हणाला. उस्ताद, तुमच्या कानाखालून गेली की आमी निर्धास्त. आणि मी गेलो हो! त्याच्यासोबत दुकानात गेलो, डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं, मान डोलावली. काय म्हणावं अशा माणसाला?

कान. सगळं तिथूनच सुरू होतं.

हिंगोली-नांदेड रस्त्यावर वारंगा फाट्याजवळ आमचं गाव. छत्तीस वर्षं मी भीमगीतांची गायन पार्टी चालवतो. ढोलकी माझी, गायला माझा जोडीदार धर्मा. तिकडे पुसेगावपर्यंत कोणाला वाद्य घ्यायचं असलं की मला बोलावणं यायचं. आणि आमच्या पार्टीत एक रीत आहे — दुसऱ्या कोणाची नाही, मीच पाडलेली. दुकानात वाद्य फक्त मी वाजवून बघायचं. मी ‘घ्या’ म्हणालो की ते बांधायचं, आणि विहारात कार्यक्रमाचा दिवस उजाडेपर्यंत त्याला कोणीही हात लावायचा नाही. लोकांना ही रीत फार आवडायची. मला तर फारच आवडायची, कारण तिच्यात मान सगळा माझाच होता.

प्रज्ञा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. मला मोठेबाबा म्हणते. आमच्या भागातल्या पार्ट्यांमध्ये बाई गाते, कोरसला उभी राहते. ड्रमवर बसत नाही. ही बसली. आमच्याकडे एक जुना ड्रमसेट होता, पत्र्याचा डबा परवडला असा. ती कार्यक्रमाच्या आधी तासभर हातात चावी घेऊन त्याच्याभोवती फिरायची, एकेक नट पिळायची, आणि त्या भंगारातून असा आवाज काढायची की लोक वळून बघायचे. शेवटी धर्माच म्हणाला, पोरीच्या हाताला शोभंल असं वाद्य पायजे. सगळ्यांनी मनावर घेतलं. हैदराबादला जायचं, परदेशी बनावटीचा, मेपल लाकडाचा सेट आणायचा असं ठरलं. तो तिच्यासाठी होता. हे ध्यानात ठेवा. मी तेच विसरलो.

जाताना क्रूझरमध्ये ती अखंड बोलत होती. ड्रम महाग आहे म्हणून चांगला असतोच असं नाही, म्हणे. प्रत्येक नटाजवळ काडीनं हलकेच ठोकायचं — चहूकडून स्वर एकच यायला पाहिजे. दुकानदार ड्रमच्या पानावर, म्हणजे वरच्या ताणलेल्या पडद्यावर, जेलचा चिकट तुकडा लावून ठेवतात, त्यानं गुणगुण दबते, खोट झाकते. तो काढायला लावायचा. वरचं पान उतरवून लाकडाची कड बोटानं चाचपायची. मग तो उघडा काठ सपाट काचेवर पालथा ठेवून आत उजेड सोडायचा. कुठून किरण बाहेर आला तर कड वाकडी, आणि वाकड्या कडेचा ड्रम जन्मात सुरात लागत नाही. त्यासाठी तिनं पर्समध्ये छोटी बॅटरीसुद्धा आणली होती. मी काय केलं? हसलो. मोबाईलवरची विद्या म्हणालो. ढोलकीला कधी बॅटरी लावली का कोणी, असं विचारलं, आणि सगळी गाडी माझ्या बाजूनं हसली.

आता खरं सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी मी नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो होतो, एकटाच. तीस वर्षं स्टेजवर माझ्या डाव्या हाताला मोठा स्पीकर. डावा कान जवळजवळ गेलेला. उजव्यातही बारीक, उंच आवाज येईनासे झालेले. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा. मी तो कागद घडी करून ढोलकीच्या पेटीत तळाशी ठेवला. तिथं दुसरं कोणी हात घालत नाही. कानाची मशीन लावलेला उस्ताद — कोण बोलावणार होतं त्याला?

म्हणजे बघा, हैदराबादच्या त्या दुकानात मी एक बहिरा पारखी उभा होतो. गडद निळ्या रंगाचा सेट. बघूनच सगळे गार. मी काडी हातात घेतली, टॉम — वर बसवलेले छोटे ड्रम — वाजवले. मला काय ऐकू आलं? धप्. पुन्हा धप्. खाली पायांवर उभा असतो तो मोठा फ्लोअर टॉमही धप्. क्रॅशच्या झांजेवर काडी मारली तर नुसता धक्का लागलेला कळला, तिचा लांबत जाणारा शेवट — ज्याच्यावर तिची खरी परीक्षा — तो माझ्यापर्यंत आलाच नाही. दुकानदार बघतोय, धर्मा बघतोय, पार्टीतली माणसं बघतायत. मी डोळे मिटले. डोळे मिटले की माणूस जाणकार दिसतो, ही अक्कल मला होती.

तेवढ्यात प्रज्ञा जवळ आली आणि हळूच म्हणाली, “मोठेबाबा, ते जेल काढाया लावा. अन् क्रॅश मेल्यावानी वाजून राहिला. मला एकदा वाजवू द्या.”

एकदा. दोन मिनिटांचं काम होतं. आणि मी — काय सुचावं मला? — सगळ्यांसमोर म्हणालो, “काहून? माझ्या कानापेक्षा तुझा कान मोठा झाला का?”

कोणीतरी खुदकन हसलं. तिनं बॅटरी परत पर्समध्ये टाकली. मी ‘घ्या’ म्हणालो. दुकानदार भला निघाला. पंधरा दिवसांत काही वाटलं तर घेऊन या, बदलून देतो, असं स्वतःहून म्हणाला. सामान बांधलं गेलं, आणि रीतीप्रमाणे चार दिवसांवर आलेल्या भीमजयंतीपर्यंत कोणी हात लावला नाही. तिनंही नाही. त्या दिवसांत ती एकदा माझ्या घरी येऊन बांधलेल्या खोक्यांकडे बघून गेली. खोकं उघडू का, असं तिनं विचारलंही नाही. इतकी ती माझ्या रीतीला मान द्यायची.

जयंतीला विहारासमोर मांडव. सगळं गाव, पाहुणे, शेजारच्या तांड्यावरचीही माणसं आलेली. खोकी सकाळी उघडली. फ्लोअर टॉम लागेना. ती एक नट पिळायची तर समोरचा उतरायचा. कपाळावर घाम, आणि माणसं येऊन बसायला लागलेली. तसंच सुरू केलं. पहिल्या गाण्यात फ्लोअर टॉम घरघरला — तेवढं मलाही कळलं. तिसऱ्या गाण्यात क्रॅश चिरला. बोटभर चीर, काठापासून आत. गाणं थांबलं. सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

माझ्याकडे पाहिलं ते खरं काय ते ऐकायला. मी तीस वर्षं खरं सांगतो असा त्यांचा समज. आणि मी माईकजवळ उभा राहून म्हणालो, “वाद्यात खोट न्हाई, म्या ऐकून घेतलंय. पोरीचा हात जड हाय.”

झालं. एवढंच वाक्य. तिनं काड्या पुढ्यातल्या स्नेअर ड्रमवर ठेवल्या. धर्मा तिला काहीतरी विचारत होता. ती म्हणाली, “मोठेबाबा म्हणतात तर तसंच असंल.” आणि मांडवातून बायकांच्या बाजूनं निघून गेली. मी ढोलकी ओढून पुढचं गाणं सुरू केलं. वाजवलं हो मी! चांगलं वाजवलं. टाळ्या पडल्या.

सेट पुन्हा माझ्याच घरी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी दार लावलं. तिची चावी सेटसोबतच राहिली होती. फ्लोअर टॉमचं वरचं पान उतरवलं, भिंतीवरचा आरसा काढून जमिनीवर ठेवला, त्यावर पेटती बॅटरी, आणि बॅटरीवर तो ड्रम पालथा घातला. दोन ठिकाणांहून उजेड बाहेर आला. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. तिनं गाडीत सांगितलं होतं, अगदी तसंच.

तुम्हाला वाटत असेल, मला तेव्हा रडू आलं असेल. नाही आलं. मी आरसा पुन्हा भिंतीला लावला, पान चढवलं, नट आवळले. पंधरा दिवसांतले अजून दहा शिल्लक होते. धर्माला हाक मारायची, तो ड्रम नि ती झांज गाडीत टाकायची, बदलून आणायची — आणि गावाला सांगायचं की पोरगी बराबर होती. मी रोज सकाळी उठून ठरवायचो आणि रोज दुपारपर्यंत गप्प बसायचो. दहा दिवस गेले. मग ठरवायचंही कारण उरलं नाही.

नांदेडचा एक जण आता ड्रम वाजवतो. झांज नवी घेतली. फ्लोअर टॉम कोणी वापरत नाही. तो आमच्या ओसरीत पडून आहे, आणि बायको त्यावर वाळवणाचं सूप ठेवते. मी रोज त्याच्या शेजारी जेवतो. प्रज्ञा हिंगोलीत मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते. त्या दिवसानंतर तिनं काडी हातात धरली नाही. तिला कोणी विचारलं तर सांगते, माझा हात जड आहे. माझं वाक्य तिनं स्वतःचं करून टाकलं. संताप होतो माझा — तिच्यावर नाही, तिनं ते वाक्य तोंडावर फेकून मारलं नाही म्हणून स्वतःवर.

आणि मागच्या महिन्यात ती घरी आली होती. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. मी बाजेवर भिंतीकडे उजवी बाजू करून बसलो होतो. डावीकडे खुर्ची रिकामी होती, तिच्या समोरच. ती तिच्यावर बसली नाही. वळसा घालून बाज आणि भिंतीच्या मधल्या सांदीत अंग चोरून बसली, आणि गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगायला लागली. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

तेव्हा एकेक आठवत गेलं. ती नेहमी त्याच बाजूला बसते. किती वर्षांपासून? जेवताना, गाडीत, स्टेजच्या मागे. माझ्या पेटीतला कागद तिनं पाहिला होता, की जवळ राहून तिला आपोआप कळलं, ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

हैदराबादच्या दुकानात ती माझ्या डाव्या हाताला उभी होती. तिथून निघाली, सगळ्या सेटला वळसा घालून पलीकडे आली, आणि दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून माझ्या उजव्या कानाशी वाकून हळूच बोलली. मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.