नाकातून पाव मागायला भिलाईला

फ्रान्सला जाऊन पाव भाजायला शिकायचं, म्हणून मी आधी भिलाईला गेले. हसा. आईही हसली होती. पण फ्रान्सच्या त्या बेकरी-शाळेची व्हिडिओवरची फ्रेंचची तोंडी परीक्षा बुधवारी होती. एकदा नापास झालेच होते. पुन्हा झाले तर प्रवेश गेला. फ्रेंच लोक काही स्वर नाकातून सोडतात, आणि माझं पुणेरी नाक कुणासाठी काहीच सोडत नाही.

मामेबहीण शीतल भिलाईतल्या एका शाळेत फ्रेंच शिकवते. तिला विचारायची लाज वाटत होती. लहानपणापासून मी तिचं हिंदी मिसळलेलं वऱ्हाडी मराठी चारचौघांत सुधारत आले, आणि गेली काही वर्षं ती माझ्याशी फक्त हिंदीत बोलते. शेवटी मामाच आईला म्हणाले, "पाठव तिले. दोन दिवस राहीन पोरगी, शिकन."

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून संध्याकाळी हावड्याकडची गाडी पकडा, दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्ग येतं. तिथेच उतरा, सगळ्या गाड्या भिलाईला थांबत नाहीत. रिक्षाचं भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही, त्यामुळे दुर्गातल्या मोहन नगरची प्रदक्षिणा घालून भिलाईत मामांच्या सेक्टर दहाला पोचले. तिथली क्वार्टर्स इतकी एकसारखी की मी भलत्याच घराची बेल वाजवली. त्यांनी आधी पाणी दिलं, मग पत्ता सांगितला.

शनिवारी सकाळी मामींनी फरा केला होता. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. मी चौथ्यांदा वाढून घेताना शीतल म्हणाली, "पहले फ्रेंच में पाव माँग."

मी मागितला. "पॅन."

"फ्रेंच में 'पॅन' मतलब गाड़ी बंद पड़ गई. पाव में 'न' नहीं बोलते, सिर्फ़ नाक."

मामांची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये गॅसची गळती शोधण्यात गेली आहे. त्यांनी फ्रिजमधून थंडगार ताटली काढली आणि माझ्या नाकाखाली धरली. मी पुन्हा पाव मागितला. ताटलीवर वाफ धरली.

"लाइन चालू हाय," मामा म्हणाले. "पण शेवटी जीभ वर लावून वाल्व बंद करून राहिली तू. कावून?"

का, तर 'न' दिसला की जीभ वर लावायचीच. शुद्ध उच्चारांची बक्षिसं घेतलेली बाई मी.

"'मैं' बोल," शीतल म्हणाली.

"मै."

मग तेच 'मैं' मामा म्हणाले, मामी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, आणि दोघांचंही अगदी नाकातून, जीभ जागेवर. "बस, यही है पाव का स्वर," शीतल म्हणाली. "नाक वाले बाकी दोनों स्वर 'क्यों' और 'हाँ' में हैं." ज्या हिंदीवरून मी तिला टोचत आले, तिच्यातच माझी परीक्षा बसली होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

रविवारी शीतलच्या स्कूटरवरून जवळच्या कुरुदला गेलो. तिथल्या बाजारात मी फक्त क्यों, मैं आणि हाँ एवढ्यावर भाजी घेतली. भाजीवाली शीतलला छत्तीसगढीत म्हणाली, "दीदी ला सर्दी होगे हे का?"

परतताना मी शीतलला म्हटलं, तुला मी फार छळलं. "छोड़ ना," ती म्हणाली, आणि स्कूटरचा वेग वाढवला. सोडण्यासारखं ते नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

बुधवारी पुण्यात, बंद खोलीत परीक्षा दिली. पडद्यावरच्या बाईंनी पहिला पदार्थ कोणता शिकायचाय असं विचारलं. मी पाव म्हणाले. जीभ खालीच राहिली. संध्याकाळी निकाल आला: प्रवेश पक्का, नाकातले स्वर उत्तम, 'र' भयंकर.

भिलाईत पाहण्यासारखं काय, असं विचाराल तर मी दोन दिवसांत एक स्वयंपाकघर आणि एक भाजीबाजार पाहिला. पुन्हा जायचं झालं तर तेवढ्यासाठीच जाईन.

शीतलला फोन केला. तिने निकाल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि कित्येक वर्षांनी माझ्याशी मराठीत बोलली.

"चांगलं झालं. आता तिकडं जाऊन त्यायची फ्रेंच सुधारत नको बसू."