बर्फातलं रक्त

आमच्या संघटनेच्या पत्रकातली तिसरी मागणी मी लिहिली होती, ठळक अक्षरांत: रक्ताचे नमुने बर्फातच पाठवा. तीर्थपुरीच्या रक्त-तपासणी केंद्रात रक्त घेतात आणि तपासायला जालन्याच्या लॅबला जीपनं धाडतात. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, तोवर नळ्या समोरच्या काचेखाली उन्हात. दूध नासतं, मग रक्त नासणार नाही? आम्ही केंद्रापुढं तीनदा बसलो. शेवटी केंद्रवाल्यानं झाकणाचा डबा आणला, त्यात बर्फ भरला. आम्ही पेढे वाटले.

त्यानंतर महिन्याभरात आईचा रिपोर्ट आला. पोटॅशियम सहा पूर्णांक आठ; पाचाच्या आसपास असायला हवं. गावातले डॉक्टर म्हणाले, "किडनीचं दिसून राह्यलं. आजच जालना गाठा, डायलिसिस लागू शकतं." आईनं एवढंच विचारलं, "रोज का आठवड्याला?"

जालन्याच्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती दोनदा पाहिली. "हृदय तर बराबर चाललंय. आकडा पटत न्हाई. खाली लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या." म्हणजे ज्या लॅबनं तो आकडा दिला, तिथंच. मी जिना उतरतानाच ओरडायला लागले. लोकांच्या जिवाशी खेळता, वगैरे. खिडकीतल्या मॅडम पन्नाशीच्या, शांत. म्हणाल्या, "ताई, आधी आईचं रक्त घेते. मंग भांडू."

त्यांनी रक्त घेतलं, नळीवर वेळ लिहिली आणि थोड्या वेळानं, पेशी खाली बसून वरचं पाणी वेगळं व्हावं म्हणून, नळी गरगर फिरवायच्या यंत्रात ठेवली. मग विचारलं, "आधीचा नमुना कसा आल्ता?"

"बर्फात. आम्ही आंदोलन करून लावलं तसं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काही तपासण्यांना बर्फ लागतो. पोटॅशियमला बिलकुल चालत न्हाई. यंत्रात न फिरवलेलं रक्त तासन्‌तास गार ठेवलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. वरून नमुना चांगलाच दिसतो."

"मंग तुम्ही तपासला कसा?"

"नळीवर रक्त घेतल्याची वेळ नव्हती, किती तास बर्फात होतं ते कळायला मार्ग नव्हता. परत पाठवायला पाहिजे होता. आमची चूक."

इथं माझी पंचाईत झाली. समोरचा हात झटकणार, टोलवणार, साहेबांना भेटा म्हणणार, याची मला सवय. 'आमची चूक' याच्यापुढं कोणती घोषणा द्यायची, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. मॅडमनी एक जाड रजिस्टर काढलं. चूक काय, कुणाची, कशामुळं, पुढं काय करणार, सगळे रकाने भरले आणि रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. "बर्फ कुणी सांगितला, ते तुम्ही लिहा." मी लिहिलं: आमच्या संघटनेनं, कुणालाही न विचारता. आयुष्यात इतकं कमी शब्दांचं पत्रक मी लिहिलेलं नाही.

तासाभरानं आकडा आला. चार पूर्णांक तीन. मॅडमनी वर डॉक्टरांना फोन लावला, हं हं केलं, फोन ठेवला. "किडनीचं काही न्हाई. घरी न्या."

मी बाकावर आईशेजारी बसले. आईला बर्फाचं सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग त्या बाईवर एवढी कावली कशाला?"

"कावले न्हाई. विचारत होते."

"जिन्यापासून?"

पण जीव भांड्यात पडल्यावर डोकं चालायला लागलं, आणि मला पुन्हा राग आला. महिनाभर त्या डब्यातून एकट्या आईचाच नमुना आला होता का? मॅडमनी यादी आधीच काढली होती: बर्फातून आलेले, पोटॅशियम वाढलेले नऊ जण. त्यांना फोन करून पुन्हा रक्त द्यायला बोलवायचं होतं. मी खुर्ची ओढली आणि निम्मी यादी मागितली.

पहिलाच नंबर घनसावंगीकडच्या एका काकांचा. "काका, घाबरू न्हका," मी म्हणाले, "चूक आमची आहे." पलीकडं काकांनी मोठा श्वास सोडला. बाकावर आई चप्पल काढून, भिंतीला डोकं टेकून झोपली होती. रिपोर्ट आल्यापासून आत्ता कुठं तिचा डोळा लागला होता. पुढचे नंबर मी हळू आवाजात लावले.